मैत्रीहून आलेली पत्रे

एप्रिल २०२४ मध्ये वर्तमानपत्रांच्या आतील पानावर एक लहानशी बातमी छापून आली होती. अंटार्क्टिकातील ‘भारती’ या आपल्या संशोधन केंद्रावर टपाल खात्याने टपालघर उघडले आणि त्याला प्रायोगिक म्हणून ‘एमएच-१७१८’ असा संकेतांक दिला. एमएच म्हणजे महाराष्ट्र. पृथ्वीच्या तळाशी असलेल्या त्या ओसाड हिमभूमीवर महाराष्ट्राचे नाव कसे पोचले, याचे उत्तर साधे आहे. तिकडचे टपाल गोव्यातून जाते-येते आणि टपाल खात्याच्या हिशेबात गोवा महाराष्ट्र परिमंडळात मोडतो. कुणाला ही निव्वळ कारकुनी गंमत वाटेल. मला मात्र ती बातमी वाचताना मुरबाड तालुक्यातील एक दोन खोल्यांची शाळा दिसत होती. त्या शाळेतून १९९४ साली एकतीस पत्रे अंटार्क्टिकाला गेली, आणि १९९५ च्या एप्रिलमध्ये त्यांची उत्तरे आली.

मी मूळची वसईची. शिक्षिकेची नोकरी लागली तेव्हा ठाणे जिल्हा अखंड होता. पालघर जिल्हा वेगळा निघाला तो २०१४ साली. त्यामुळे वसईच्या ख्रिस्ती घरांतील डी.एड. झालेल्या कितीतरी मुली जिल्हा परिषदेचा आदेश हातात घेऊन शहापूर, मुरबाड, जव्हार, मोखाडा अशा गावांचे रस्ते विचारीत निघत. मी शहापुरात खोली घेतली होती. सकाळची एस.टी. किन्हवलीवरून सरळगावकडे जाई. तिच्यातून उतरले की पाऊण तास पायी. वर्गात कुणबी, ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी अशी मुले होती. शनिवारी आसनगावला लोकल पकडून वसई गाठायची, रविवारी मिस्सा ऐकायची, सोमवारी पहाटे पुन्हा निघायचे. आई ह्याला माझा ‘वनवास’ म्हणे. पुढे माझ्या धाकट्या भावाने जे केले, त्यानंतर हा शब्द तिने माझ्या बाबतीत वापरणे सोडून दिले.

भाऊ कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीला होता. भारताच्या अंटार्क्टिका मोहिमांत हवामान खात्याची माणसे पहिल्यापासून असतात. पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्याहून निघाली. ‘पोलर सर्कल’ हे भाड्याने घेतलेले जहाज, त्यावर एकवीस माणसे. ९ जानेवारी १९८२ रोजी त्यांनी तेथील बर्फावर पाय ठेवला. तिसऱ्या मोहिमेत, १९८३-८४ च्या उन्हाळ्यात, ‘दक्षिण गंगोत्री’ हे बारमाही केंद्र उभे राहिले. त्याच मोहिमेत नागपूरला जन्मलेल्या डॉ. अदिती पंत आणि त्यांच्या सहकारी डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता ह्या तेथे गेलेल्या पहिल्या दोन भारतीय स्त्रिया होत्या. दक्षिण गंगोत्री बर्फाच्या थरावरच बांधलेले होते, म्हणून दरवर्षीच्या हिमवृष्टीत ते हळूहळू गाडले गेले आणि १९९० मध्ये सोडून द्यावे लागले. त्याच्या जागी ‘मैत्री’ आले. ते किनाऱ्यापासून सुमारे शंभर किलोमीटर आत, शिर्माकर नावाच्या उघड्या खडकाच्या पट्ट्यावर, पोलादी पायांवर उभे आहे. त्याचा आराखडा पुण्याजवळच्या दिघी येथील संरक्षण संशोधन संस्थेत तयार झाला होता.

१९९३ साली हिवाळी तुकडीसाठी भावाची निवड झाली. दिल्लीला वैद्यकीय तपासणी, मग औलीला भारत-तिबेट सीमा पोलिसांकडे बर्फावर चालण्याचे शिक्षण. जो मुलगा आमच्या घरी माघातल्या थंडीतही कानाला मफलर बांधीत नसे, तो तिथून येऊन आईला पायमोजे किती जोड्या घालायचे ते समजावू लागला. आईचे लक्ष पायमोज्यांकडे नव्हते. जानेवारी १९९० मध्ये मोहिमेतील चार सदस्य तंबूत विषारी वायूने गुदमरून मृत्युमुखी पडले होते, हे तिला कुणीतरी सांगितले होतेच. अशा बातम्या आईपर्यंत पोचवण्यात आपल्या लोकांचा हात कुणी धरू शकत नाही. तिने काही विचारले नाही. फक्त एका डब्यात सुके बोंबील घट्ट बांधून दिले. त्या बोंबलांनी पुढे मैत्रीवर मोठाच प्रसंग ओढवला. हवाबंद इमारतीत त्यांचा वास दोन दिवस सगळीकडे फिरत राहिला आणि केंद्रप्रमुखांनी हुकूम काढला, की यापुढे हा पदार्थ भाजायचा असेल तर बाहेरच्या शेडमध्ये, उणे पंधरा अंशांत. भाऊ आणि नौदलातला एक गोवेकर असे दोघेजण तिथे उभे राहून बोंबील भाजून खात. तेही कॅथलिक, रविवारी दोघे मिळून जपमाळ म्हणत. हे कळल्यावर आईचा अर्धा घोर मिटला.

डिसेंबर १९९३ मध्ये मुरगाव बंदरातून जहाज सुटले. उन्हाळ्याचे काम संपवून ते परत फिरले, की हिवाळ्यासाठी पंचविसेक माणसे मागे उरतात. त्यात शास्त्रज्ञ निम्म्याहून कमीच. बाकी डॉक्टर, स्वयंपाकी, बिनतारी यंत्रावरचे लोक, वाहनांचे मेकॅनिक आणि जनरेटर सांभाळणारे. शेवटचे हेलिकॉप्टर जहाजाकडे निघून गेले तेव्हा सगळेजण बाहेर उभे होते. आवाज ऐकू येईनासा झाल्यावरही बराच वेळ कुणी आत गेले नाही, असे भावाने नंतर सांगितले. त्यानंतर पुढचे जहाज येईपर्यंत, म्हणजे नऊ-दहा महिने, कुणी येणार नाही आणि कुणी जाणार नाही. चार-पाच किलोमीटरवर रशियनांचे नोवोलाझारेव्हस्काया केंद्र होते, तेवढाच शेजार.

आता शाळेकडे वळते. त्या वर्षी चौथीचा वर्ग माझ्याकडे होता. भूगोलात ध्रुवप्रदेश आले. मुलांना बर्फ ठाऊक होता तो म्हशाच्या जत्रेतल्या गोळ्याचा, लाल-पिवळ्या रंगाचा. तोही हातात घेऊन पाहण्यापेक्षा दुसऱ्याच्या हातात पाहिलेला अधिक. मी फळ्यावर आकडे लिहिले : भारताच्या चौपट भूमी, तिच्यावर सरासरी दोन किलोमीटर जाडीचे बर्फ, जगातील गोड्या पाण्यापैकी सुमारे सत्तर टक्के पाणी त्यात अडकलेले. आकड्यांचा काही परिणाम झाला नाही. मग माझा भाऊ सध्या तिथेच आहे असे सांगितले, आणि वर्गाचे रूपच पालटले. तुमचा सख्खा भाऊ? आत्ता? मग तो जेवतो काय? आठ दिवस दुसरा विषय म्हणून चालेना. शेवटी मी म्हटले, तुम्हीच त्यांना विचारा. वहीची पाने कापली, आणि दिवाळीच्या सुट्टीपूर्वी एकतीस पत्रे गोळा झाली. बहुतेकांचा मायना ‘बर्फावरच्या मामांस सा. न. वि. वि.’ असा होता. ती मी एका पाकिटात घालून गोव्याला पाठवली. डिसेंबरचे जहाज ती घेऊन जाणार होते.

दक्षिण ध्रुवाकडे जाणाऱ्या टपालाला तेव्हा, आणि खरे तर आजही, हाच रस्ता आहे. दक्षिण गंगोत्रीवर १९८४ साली टपालघर निघाले. पुढे ते मैत्रीवर आले. मोहिमेतलाच कुणी सदस्य टपालबाबू होई. पत्र टाकणे सोपे. ते निघणार मात्र वर्षातून एकदा. उपग्रहावरून चालणारा टेलिफोन १९९४ मध्ये केंद्रावर होता, पण त्याचा मिनिटाचा दर ऐकून बोलणे विसरायला होई. भावाचा फोन शेजाऱ्यांकडे त्या वर्षात तीनदा आला. आई तिन्ही वेळा रडली आणि तिन्ही वेळा ‘तिथे थंडी आहे का’ एवढेच विचारू शकली.

जानेवारी १९९५ मध्ये जहाज मैत्रीच्या किनाऱ्याला लागले आणि टपालाच्या पिशव्या उघडल्या. वर्षभर पत्राचा कागद हातात न धरलेल्या माणसांसमोर स्वतःच्या घरच्या पत्रांबरोबर मुरबाडच्या मुलांची ही पत्रे पडली. भावाला वाटले होते, आपण सवडीने उत्तरे लिहू. पण जेवणाच्या टेबलावर पत्रे ठेवल्यावर ज्याने त्याने आपापले उचलून नेले. कुणी दोन घेतली. मराठी न वाचता येणाऱ्यांना भावाने पत्र वाचून दाखवले आणि त्यांनी हिंदीत उत्तर लिहिले. म्हणून एप्रिलमध्ये माझ्या हातात जो गठ्ठा आला, त्यात नाना हातांची अक्षरे होती आणि प्रत्येक पाकिटावर मैत्रीचा शिक्का होता.

त्या उत्तरांतून मला जे मैत्री दिसले, ते पुढे कुठल्याच पुस्तकात सापडले नाही. मुलांनी शास्त्राचे प्रश्न विचारलेच नव्हते. पाणी कुठून भरता? परसाकडे कुठे जाता? भांडी कोण घासते? रात्र संपत नाही तर कोंबडा केव्हा आरवतो? हे त्यांचे प्रश्न. केंद्राचे खरे जीवन ह्याच प्रश्नांत होते.

पाण्याच्या प्रश्नावर दोन पाने उत्तर आले होते. मैत्रीसमोर प्रियदर्शिनी नावाचे सरोवर आहे. हिवाळ्यात त्याचा वरचा थर दगडासारखा गोठतो, खाली पाणी शिल्लक राहते. तिथून पंपाने पाणी खेचायचे आणि ते वाटेत गोठू नये म्हणून नळांना ऊब देत राहायचे. पंप बंद पडला तर काही मिनिटांत नळ आतून बर्फाने भरतो, मग रात्र असो की वादळ, सगळ्यांनी बाहेर पडायचे. आंघोळीचे दिवस ठरलेले. चहूकडे जगातले सर्वांत मोठे गोडे पाणी, आणि बादली मोजून! हे वाचताना माझ्या मनात शहापूर तालुका येत होता. तानसा, वैतरणा, भातसा ही धरणे ह्याच तालुक्याच्या आसपास. त्यांचे पाणी मुंबईला जाते, आणि चैत्र-वैशाखात ह्याच तालुक्यातील पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन डोंगर उतरतात. ते तेव्हाही होते, आजही आहे. मुलांना त्या उत्तरात काहीच नवल वाटले नाही. पाणी दिसते पण मिळत नाही, ही गोष्ट त्यांना शिकवावी लागत नव्हती.

परसाकडच्या प्रश्नाला डॉक्टरांनी गंभीरपणे उत्तर दिले होते. तिथे मैला जाळून राख करणारे संडास आहेत, कारण त्या थंडीत काही कुजत नाही. टाकले ते शंभर वर्षे तसेच राहील. म्हणून राख, डबे, पत्रे, तेलाची पिंपे, सगळा कचरा बांधून जहाजाने परत आणायचा. वर्गातला एक मुलगा म्हणाला, ‘म्हंजे बाई, घाण भारतात आणतात?’ ह्यावर मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. बहुधा दिलेच नसावे.

भांडी सगळेच घासत. स्वयंपाकी होते, पण झाडणे, पुसणे, कांदे सोलणे, ताटे धुणे यांची पाळी वाटून दिलेली. त्या पाळीतून केंद्रप्रमुख सुटत नसत आणि डॉक्टरेट मिळवलेला शास्त्रज्ञही नाही. ताजी भाजी एप्रिलपर्यंत संपे. त्यानंतर गोठवलेले, वाळवलेले, डब्यातले. एकाने लिहिले होते, की जुलैमध्ये मला शेपूच्या भाजीचे स्वप्न पडले आणि घरी मी शेपूला कधी हात लावीत नाही.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यानंतर सूर्य क्षितिजावर येतच नाही, तो थेट जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. दुपारी थोडी संधिप्रकाशाची लाली, बाकी अंधार. वादळ सुटले की वारा ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जातो आणि पुढे केलेला आपलाच हात दिसत नाही. म्हणून एका शेडपासून दुसऱ्या शेडपर्यंत दोर बांधलेले असतात, त्यांना धरून चालायचे. वेधशाळेच्या माणसाला त्या स्थितीतही ठरल्या वेळी जाऊन नोंद घ्यावीच लागते. भावाचे सर्वांत नाजूक काम फुग्याचे होते. ओझोन मोजणारे उपकरण बांधलेला मोठा फुगा दोघातिघांनी धरून वाऱ्यात सोडायचा. तो तीसेक किलोमीटर वर जाऊन फुटेपर्यंत आकडे पाठवीत राहतो. १९८५ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी त्यांच्या हॅली केंद्रावरील नोंदींवरून दाखवले होते, की दर सप्टेंबर-ऑक्टोबरात अंटार्क्टिकावरील ओझोनचा थर झिजतो. शीतकपाटांत आणि फवाऱ्यांत वापरले जाणारे वायू वर साठतात आणि सूर्य परत आला की तिथे ओझोन खातात. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते वायू टप्प्याटप्प्याने बंद झाले आणि आता ती झीज हळूहळू भरून येते आहे. जगाने एकत्र येऊन निस्तरलेली अशी कामे फार थोडी. त्यासाठी आकडे लागले, आणि आकड्यांसाठी कुणीतरी दोर धरून अंधारात चालले.

अंधाराच्या मध्यावर, २१ जूनला, सगळ्या देशांची केंद्रे एकमेकांना शुभेच्छा पाठवतात आणि मेजवानी करतात. पण त्याच दिवसांत भांडणेही सर्वांत अधिक. चमचा कुणी वाजवला, दूरचित्रवाणीचा आवाज कुणी वाढवला, माझ्या खुर्चीवर कोण बसले. तीच तीच चित्रफीत इतक्यांदा पाहिलेली, की संवाद पडद्याआधी प्रेक्षक म्हणत. हे पत्रांत नव्हते, भावाने समक्ष सांगितले. त्याउलट डिसेंबरात सूर्य मावळत नाही. १९९४ च्या नाताळला मध्यरात्री बाहेर लख्ख ऊन पडलेले होते. भावाने आणि त्या गोवेकराने खिडकीला कांबळे लावून आधी अंधार केला, मग मेणबत्ती पेटवली, आणि पाठ होती तेवढी नाताळची गीते म्हटली.

एका ठाकूर मुलाने विचारले होते, ‘तिथल्या जमिनीचा सातबारा कोणाच्या नावावर आहे?’ ह्याला एका भूशास्त्रज्ञाने उत्तर दिले. १९५९ च्या करारानुसार तिथली जमीन कुणाच्याच नावावर चढत नाही. ज्यांनी पूर्वी हक्क सांगितले होते त्यांचे हक्क गोठवून ठेवले आहेत. भारत १९८३ साली त्या करारात आला. तिथे सैन्य नेऊन लढाई करायची नाही, दगडसुद्धा परवानगीवाचून उचलायचा नाही. मुलाने हे उत्तर घरी नेऊन आजोबांना वाचून दाखवले. वनखात्याशी उभे आयुष्य दळीच्या तुकड्यासाठी झगडलेला तो म्हातारा दुसऱ्या दिवशी शाळेत आला आणि असे गाव खरोखर आहे का, हे मला दोनदा विचारून गेला.

एकतीसपैकी सहा उत्तरे माझ्या टेबलाच्या खणात उरली. ती कातकऱ्यांच्या मुलांची होती. दिवाळी झाली की कातकरवाडी रिकामी होते. भट्टीच्या मालकाकडून पावसाळ्यात घेतलेला बयाणा फेडायला घरेच्या घरे वीटभट्ट्यांवर जातात, आठवड्याची खावटी मिळते, आणि हिशेब पाऊस तोंडावर आला की होतो. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झालेली आहे. बयाणा बंद झालेला नाही. सहा मुलांनी सुट्टीपूर्वी पत्रे लिहिली होती आणि सुट्टीनंतर ती वर्गात नव्हती.

त्यांतल्या एका मुलीचे पत्र चारच ओळींचे होते. तिने विचारले होते : तिथून मधेच घरी येता येते का? घरी कोणी आजारी पडले तर? उत्तर मात्र सगळ्यांत लांब आले होते. ते लिहिणारे गृहस्थ जनरेटर सांभाळणाऱ्यांपैकी होते, उत्तरेकडचे, सैन्यातले. भावाने सांगितले, की तिचे पत्र वाचून दाखवल्यावर त्यांनी ते घडी करून खिशात ठेवले आणि हे मीच लिहीन म्हणाले. जुलै १९९४ मध्ये त्यांचे वडील वारले होते. बातमी फोनवर आली. जहाज नाही, विमान नाही. जायचा विचारही करता येत नव्हता. तेरा दिवस त्यांनी डोक्यावरची टोपी काढली नाही, एवढेच इतरांना दिसले. दोन दिवस त्यांची पाळी दुसऱ्यांनी केली. तिसऱ्या दिवशी ते स्वतः यंत्रघरात गेले, कारण जनरेटर थांबला तर काही तासांत सगळे केंद्र गोठेल, आणि यंत्राजवळ ऊब असते. त्यांनी त्या मुलीला हे सगळे लिहिले होते, मोठ्या माणसाला लिहावे तसे. मधेच घरी येता येत नाही, बेटी, असे सरळ लिहिले होते. शेवटी विचारले होते, तुमच्या गावच्या विहिरीचे नाव काय, आणि तू शाळेत कधी परत जाशील? कातकरवाडीची मुले दिवाळीनंतर कुठे जातात हे भावाला माझ्याकडून ठाऊक होते. त्याने त्यांना सांगितले असावे.

ते पत्र खणात ठेवून मला सुट्टीवर जाणे शक्य नव्हते. वाडीवरच्या एका म्हातारीकडून ठिकाण विचारून घेतले आणि एका रविवारी मिस्सा बुडवून पडघ्याच्या बाजूला गेले. रस्त्यापासून आत, शेताच्या बांधाला लागून भट्टी. पेंढ्याचे आणि विटांचे भोंगे, उन्हात पसरलेल्या हजारो कच्च्या विटा. मुलगी कडेवर धाकट्या भावाला घेऊन ओल्या विटा उलट्या करीत होती. मला पाहून हसली, पण हातातले काम सोडले नाही. पत्र मी तिथेच उभी राहून वाचले, हिंदी वाक्य आणि त्याचे मराठी असे एकामागून एक. तिचा बाप चिखल तुडवता तुडवता थांबून ऐकत होता. पूर्ण झाल्यावर तो म्हणाला, ‘बाई, त्या साहेबानं बयाणा किती घेतला व्हता?’

मी सांगितले, बयाणा नव्हता. पगार होता, भत्ता होता, घरच्यांची काळजी सरकार घेत होते. जहाज नव्हते म्हणून येता आले नाही.

‘मंग परत कधी सुटणार हे तरी ठाव व्हतं?’

महिना ठाऊक होता, दिवस नाही. दिवस समुद्रावरचे बर्फ ठरवते.

‘आमचा पाऊस ठरिवतो,’ तो म्हणाला, आणि पुन्हा चिखलात उतरला. मुलीने पत्र घेतले आणि भोंग्यात जाऊन कुडाच्या फटीत खोचून आली. उरलेली पाच मी तिच्याकडेच दिली. दोन मुले त्याच भट्टीवर होती, तिघे जवळच्या.

त्या वर्षांत विधायक संसदेसारख्या संस्थांनी ठाणे जिल्ह्यातील भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. त्यांतून काही मुले शाळेत टिकली, हे मी पाहिलेले आहे. अजूनही दिवाळीनंतर वाड्या रिकाम्या होतात, हेही पाहते. मैत्रीचे म्हणाल तर आता तिथे केपटाऊनहून विमानाने जाता येते, २०१२ पासून ‘भारती’ हे दुसरे केंद्र आहे, आणि तिथल्या माणसांना घरच्यांचा चेहरा पडद्यावर दिसतो. हिवाळ्यात परतीचा मार्ग मात्र अजूनही जवळपास बंदच असतो. भाऊ निवृत्त झाला. आई गेली तेव्हा तो तिच्या उशाशी होता.

ती मुलगी जूनमध्ये शाळेत आली. जुलैत तिने उत्तर लिहिले. ते गृहस्थ तोवर आपल्या पलटणीत परत गेले होते. भावाकडून पत्ता मिळवून मी ते शहापूरच्या टपालात टाकले. आंतर्देशीय पत्राची एकच बाजू भरली होती. त्यात विहिरीला नाव नाही, तिला नुसती खालची विहीर म्हणतात, असे होते. आणि आम्ही पावसाच्या आधी चार दिवस घरी आलो, असे होते.